पीएचपीमधून मेल जात नाही: घरच्या सर्व्हरवर नेमकं कुठे अडतं

घरच्या रास्पबेरी पायवर किंवा जुन्या लॅपटॉपवर डेबियन, अपाचे आणि पीएचपी बसवलं, संपर्काचा फॉर्म लिहिला, ‘मेल()’ फंक्शनने ‘ट्रू’ परत केलं, आणि तरीही इनबॉक्स रिकामा. इथून पुढे बहुतेक जण कोड बदलत बसतात. कोडला हात लावण्याआधी हा ‘ट्रू’ नेमकं काय सांगतो ते समजून घेतलं, तर बराच वेळ वाचतो.

‘मेल()’ स्वतः मेल पाठवतच नाही. लिनक्सवर ते ‘सेंडमेल’ नावाचा प्रोग्रॅम चालवतं, मजकूर त्याच्या हवाली करतं आणि तो प्रोग्रॅम कोणता आकडा देऊन बंद झाला ते पाहतं. ० आला तर ‘ट्रू’. पण ७५ आला तरीही ‘ट्रू’च. ७५ म्हणजे ‘सध्या जमलं नाही, नंतर प्रयत्न करा’. मोठे मेल सर्व्हर अशा वेळी मेल रांगेत ठेवतात, म्हणून पीएचपी त्याला यश मानतं. घरच्या सर्व्हरवर मात्र आपण सहसा रांग नसलेला छोटा प्रोग्रॅम बसवतो. त्याच्या हातून ७५ आलं की मेल गेलेलं नसतं, कुठे साठवलेलंही नसतं, आणि स्क्रिप्ट पाहुण्याला ‘धन्यवाद, तुमचा संदेश मिळाला’ असं सांगून मोकळी होते.

स्क्रिप्टकडून सर्व्हरवरच्या सेंडमेलकडे, तिथून रिलेकडे (आपल्या वतीने मेल पुढे पोचवणारा सर्व्हर), रिलेकडून समोरच्याच्या मेल सर्व्हरकडे आणि शेवटी इनबॉक्स किंवा स्पॅम फोल्डरमध्ये, असा मेलचा प्रवास असतो. प्रत्येक हस्तांतराची नोंद कुठे ना कुठे होते. मेल कोणत्या टप्प्यापर्यंत पोचलं हे ठरल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि मेल गेलं, तर कशामुळे गेलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. (फाइलींची, कमांडची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत.)

सेंडमेल आहे का?

डेबियन, उबंटू किंवा रास्पबेरी पाय ओएसच्या किमान इन्स्टॉलेशनमध्ये मेल पाठवणारा कोणताही प्रोग्रॅम सहसा नसतो. पीएचपीच्या अधिकृत डॉकर इमेजमध्येही नसतो. अशा वेळी ‘मेल()’ ‘फॉल्स’ देतं आणि अपाचेच्या एरर लॉगमध्ये ‘/यूएसआर/एसबिन/सेंडमेल: नॉट फाउंड’ अशी ओळ दिसते. पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचेपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची सोय) वापरत असाल तर हीच ओळ हरवते, कारण एफपीएम आपल्या वर्कर प्रोसेसचा एरर मजकूर मुळात टाकून देतं. पूलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॅच_वर्कर्स_आउटपुट’ ‘येस’ करून एफपीएम रीस्टार्ट करा, मग ती लॉगमध्ये दिसेल.

दुसरा नेहमीचा घोळ पीएचपीच्या दोन कॉन्फिग फाइलींचा. डेबियन १२ वर पीएचपी ८.२ येतं. त्याची टर्मिनलसाठीची ‘पीएचपी.आयएनआय’ ‘सीएलआय’ फोल्डरमध्ये असते, वेबसाठीची ‘अपाचे२’ किंवा ‘एफपीएम’ फोल्डरमध्ये. टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालवली की मेल जातं आणि ब्राउझरमधून जात नाही, यामागे बहुतेकदा हेच असतं. ‘सेंडमेल_पाथ’ एका फाइलमध्ये बदललेला, दुसरीत तसाच. हे सेटिंग स्क्रिप्टमधून ‘आयएनआय_सेट()’ने बदलत नाही, ते मुख्य फाइलमध्ये किंवा एफपीएमच्या पूलमध्येच द्यावं लागतं. कोणती फाइल लागू आहे ते ‘पीएचपीइन्फो()’च्या पानावर वरतीच लिहिलेलं असतं. ते पान ब्राउझरमधून उघडा, आणि पाहून झालं की लगेच काढून टाका.

‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मेल()’ असा एरर आला तर ‘डिसेबल_फंक्शन्स’ची यादी पाहा. पीएचपी ८ पासून बंद केलेलं फंक्शन अस्तित्वातच नाही असं धरलं जातं, त्यामुळे एररवरून खरं कारण सुचत नाही.

‘पीएचपी.आयएनआय’मध्येच ‘मेल.लॉग’ नावाचं सेटिंग आहे. त्याला फाइलचा पत्ता दिला की ‘मेल()’ जेव्हा जेव्हा चालेल तेव्हा कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवरून, कोणाला आणि कोणत्या हेडरसह, याची नोंद होते. फॉर्म सबमिट केल्यावर इथे नवी ओळ आली नाही तर अडचण तुमच्या कोडमध्ये आहे. ओळ आली तर कोडचं काम झालं, आता पुढे बघायचं.

विंडोजवर एक्सएएमपीपी वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे ‘मेल()’ थेट एसएमटीपी (मेल पाठवण्याची सर्व्हरांची भाषा) बोलतं, पण त्याला पासवर्ड देता येत नाही आणि टीएलएसही (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) जमत नाही. जीमेलसारखी सेवा त्या वाटेने कधीच चालणार नाही. तिथे सरळ पीएचपीमेलर ही लायब्ररी वापरावी.

पोर्ट २५ चा नाद सोडा

सेंडमेल बसवायचं म्हटल्यावर अनेक जण पोस्टफिक्स हा पूर्ण मेल सर्व्हर घेतात, इन्स्टॉल होताना ‘इंटरनेट साइट’ हा पर्याय निवडतात आणि घरातून थेट समोरच्याच्या सर्व्हरला मेल द्यायला निघतात. घरगुती ब्रॉडबँडवरून हे करू नका. अडथळे एकापाठोपाठ एक आहेत, आणि त्यातले बरेचसे तुमच्या हातात नाहीत.

एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल पोर्ट २५ वरूनच जातं, आणि जगभरातले बरेच इंटरनेट पुरवठादार घरगुती जोडणीवर बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात. लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसतं. नकार न येता नुसती वाट पाहावी लागणं हीच बंद पोर्टची खूण. पुरवठादाराने पोर्ट उघडं ठेवलं असलं तरी घरगुती आयपी पत्त्यांचे मोठमोठे पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या ‘पीबीएल’ यादीत असतात. त्या यादीत असणं म्हणजे तुम्ही स्पॅम पाठवलं असं नव्हे. या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढाच तिचा अर्थ. यादीला विचारलं की १२७.०.०.१० किंवा १२७.०.०.११ असं उत्तर मिळतं, आणि समोरचा सर्व्हर ५५० (कायमचा नकार) देऊन मेल परत करतो. जीमेल तर ५५०-५.७.१ देताना स्पष्टच सांगतं की या आयपीवरून थेट मेल घेणार नाही, तुमच्या पुरवठादाराचा रिले वापरा.

त्यानंतर उलट डीएनएसचा प्रश्न. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद त्या आयपीच्या मालकाकडे, म्हणजे पुरवठादाराकडे असते. डोमेन तुमचं असलं तरी ती तुम्हाला बदलता येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच पाठवणाऱ्यांसाठी योग्य पीटीआर, टीएलएस आणि एसपीएफ (या डोमेनचं मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणारी डीएनएस नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) यांपैकी निदान एक, असं बंधन घातलं आहे. आयपीव्ही६ वरून पाठवलं तर या बाबतीत जीमेल आणखी कडक आहे.

भारतात अनेक घरगुती जोडण्या सीजीएनएटीच्या मागे असतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात दिसला तर तुमचा सार्वजनिक आयपी शेजारपाजारच्या कित्येक ग्राहकांबरोबर वाटलेला आहे. मात्र याचा गैरअर्थ काढून अनेक जण राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करत बसतात, स्टॅटिक आयपीसाठी जादा पैसे भरतात. फॉर्मचं मेल बाहेर पाठवायला यातलं काहीही लागत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग येणाऱ्या जोडणीसाठी असतं. रिलेकडे जाणारी जोडणी आपण आतून बाहेर करतो, आणि ती सीजीएनएटीमधून विनातक्रार जाते.

म्हणून घरून मेल पाठवायचं ते पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून, लॉगिन करून, कोणत्यातरी रिलेमार्फत. पोर्ट ५८७ ची सोय १९९८ मध्ये नेमकी याचसाठी मानकात आली: वापरकर्त्याने मेल ‘सादर’ करायचं ते वेगळ्या दारातून, सर्व्हरांची आपसातली देवाणघेवाण वेगळ्या दारातून. रिले म्हणून जीमेल चालेल, तुमच्या डोमेनसोबत मिळालेला मेलबॉक्स चालेल, किंवा ॲमेझॉन एसईएससारखी सेवा चालेल. एसईएसचं नवं खातं ‘सँडबॉक्स’मध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, आणि तीही फक्त पडताळलेल्या पत्त्यांना. हे माहीत नसेल तर ‘ॲड्रेस इज नॉट व्हेरिफाइड’ हा नकार पाहून माणूस चक्रावतो.

आधी वाट मोकळी आहे का ते पाहा. सर्व्हरवरून ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट’ला ‘-स्टार्टटीएलएस एसएमटीपी’ आणि ‘-कनेक्ट एसएमटीपी.जीमेल.कॉम:५८७’ देऊन चालवा. शेवटी ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: ० (ओके)’ आणि २५० ने सुरू होणारी ओळ आली तर नेटवर्क, डीएनएस, प्रमाणपत्र आणि घड्याळ, चारही ठीक आहेत. याच खिडकीत हाताने एसएमटीपी बोलून बघणार असाल तर ‘आरसीपीटी टू’ छोट्या रोमन अक्षरांत टाइप करा. ओळीची सुरुवात मोठ्या ‘आर’ने झाली की ओपनएसएसएल ती स्वतःला दिलेली आज्ञा समजतं आणि जोडणी नव्याने ठरवायला जातं. हाताने एवढं करण्यापेक्षा ‘स्वॅक्स’ हे छोटं साधन बसवणं चांगलं. सर्व्हर, पोर्ट, युजरनेम दिलं की पूर्ण संभाषण ते ओळीगणिक दाखवतं. पीएचपी बाजूला ठेवून फक्त रिलेची परीक्षा घ्यायला यापेक्षा सोपं काही नाही.

एमएसएमटीपीची मांडणी

एका फॉर्मसाठी एमएसएमटीपी हा रांग नसलेला छोटा प्रोग्रॅम पुरेसा आहे. ‘एमएसएमटीपी’ आणि ‘एमएसएमटीपी-एमटीए’ अशी दोन पॅकेजं आप्टने बसवा. दुसरं महत्त्वाचं, कारण तेच /यूएसआर/एसबिन/सेंडमेल या जागी दुवा तयार करतं आणि पीएचपीमध्ये काहीच बदलावं लागत नाही.

कॉन्फिग /ईटीसी/एमएसएमटीपीआरसी या फाइलमध्ये लिहायचं. ‘डिफॉल्ट्स’खाली ‘ऑथ ऑन’, ‘टीएलएस ऑन’ आणि ‘सिसलॉग ऑन’. मग ‘अकाउंट’ या ओळीत एक नाव, त्याखाली ‘होस्ट’, ‘पोर्ट ५८७’, ‘फ्रॉम’, ‘युजर’ आणि ‘पासवर्ड’. शेवटी ‘अकाउंट डिफॉल्ट : ’ आणि वरचं नाव. ‘लॉगफाइल’ऐवजी ‘सिसलॉग’ (प्रणालीची सामाईक नोंदवही) मुद्दाम सुचवतोय. वेगळी लॉग फाइल दिली की तिच्या परवानग्या सांभाळाव्या लागतात, आणि ॲपआर्मर ही सुरक्षाव्यवस्था चालू असेल तर प्रोफाइलमध्ये नसलेल्या जागी ते लिहूच देत नाही. सिसलॉगमध्ये टाकलेलं सगळं ‘जर्नलसीटीएल’मध्ये दिसतं. डेबियन १२ पासून जुनी /व्हार/लॉग/मेल.लॉग फाइल आपोआप तयार होत नाही, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नका.

आता परवानग्या. या फाइलमध्ये पासवर्ड आहे, म्हणून ती सगळ्यांना वाचता येता कामा नये. पण वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याला ती वाचता यायलाच हवी. मालक रूट, गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, परवानगी ६४०, हे बरोबर बसतं. परवानगी ६०० ठेवली तर सुडोने चाचणी यशस्वी होते आणि ब्राउझरमधून मात्र ‘अकाउंट डिफॉल्ट नॉट फाउंड’ येतं. घरच्या सर्व्हरवरचा हा सर्वात फसवा बिघाड आहे, कारण चाचणी करणारा आणि प्रत्यक्ष पाठवणारा हे दोन वेगळे वापरकर्ते असतात. म्हणून चाचणी नेहमी ‘सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ लावूनच करा: विषयाची एक ओळ, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर, असं ‘प्रिंटएफ’ने तयार करून पाइपमधून ‘सेंडमेल -व्ही’ आणि पत्ता यांना द्या. संपूर्ण संभाषण पडद्यावर दिसेल.

फेडोरा किंवा त्या घराण्यातली प्रणाली असेल तर एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था वेब सर्व्हरला मेल पाठवू देत नाही. ‘सेटएसईबूल -पी’ने ‘एचटीटीपीडी_कॅन_सेंडमेल’ चालू करा. पीएचपीमेलरमधून थेट रिलेशी बोलत असाल तर ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’सुद्धा.

एमएसएमटीपीच्या लॉगमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘एक्झिटकोड’ असतो, आणि सर्व्हरने उत्तर दिलं असेल तर ‘एसएमटीपीस्टेटस’ही. ‘ईएक्स_ओके’ आणि २५० म्हणजे रिलेने मेल स्वीकारलं. ‘ईएक्स_टेम्पफेल’ म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं ७५. जोडणीच झाली नाही तर सहसा हाच येतो, आणि पीएचपीला तो यश वाटतो. ‘ईएक्स_नोपर्म’ म्हणजे लॉगिन नाकारलं.

लॉगिनबद्दल थोडं सविस्तर. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीचा पासवर्ड वापरून एसएमटीपी लॉगिन बंद केलं. त्याआधीचे असंख्य लेख ‘लेस सिक्युअर ॲप्स चालू करा’ असं सांगतात. तो पर्याय आता नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढायचा. तो चार-चारच्या गटांत दाखवला जातो. कॉन्फिगमध्ये मधल्या मोकळ्या जागा काढून लिहा. ५३४-५.७.९ आला तर तुम्ही अजून नेहमीचाच पासवर्ड देताय. ५३५-५.७.८ आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय. महिनोन्‌महिने चालणारा फॉर्म एक दिवस अचानक ५३५ देऊ लागला, तर गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड कोणी बदललाय का ते विचारा. तो बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात.

४६५ आणि ५८७ यांची गल्लत ओळखायला लक्षणं पुरेशी आहेत. ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं. ५८७ वर आधी साधं बोलणं आणि मग ‘स्टार्टटीएलएस’. ४६५ वर ‘स्टार्टटीएलएस’च्या पद्धतीने गेलात तर दोघंही एकमेकांच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत बसतात आणि शेवटी टाइमआउट होतो. ५८७ वर थेट टीएलएस सुरू केलंत तर ‘राँग व्हर्जन नंबर’ असा एरर लगेच येतो. एमएसएमटीपीमध्ये ४६५ वापरताना ‘टीएलएस_स्टार्टटीएलएस ऑफ’ लिहावं लागतं. पीएचपीमेलरमध्ये ५८७ साठी ‘एन्क्रिप्शन_स्टार्टटीएलएस’ आणि ४६५ साठी ‘एन्क्रिप्शन_एसएमटीपीएस’. प्रमाणपत्राचा एरर आला म्हणून ‘व्हेरिफाय_पीअर’ बंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी सापडतो. तसं करू नका. पासवर्ड कोणाच्या हाती देतोय हे तपासणं त्यामुळे थांबतं. ‘सीए-सर्टिफिकेट्स’ पॅकेज बसवलेलं आहे का, आणि घड्याळ बरोबर आहे का, ते बघा.

फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये नको

संपर्काच्या फॉर्मची जी सर्वाधिक नक्कल केलेली स्क्रिप्ट आहे, तिच्यात पाहुण्याने भरलेला ईमेल पत्ता सरळ ‘फ्रॉम’ हेडरमध्ये घातलेला असतो. उत्तर द्यायला सोपं जावं हा हेतू. पूर्वी हे चालायचं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनवर डीमार्कचं (‘फ्रॉम’मधलं डोमेन तपासणीत उतरलं नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) ‘रिजेक्ट’ धोरण लावलं आणि याहूचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून दुसऱ्याच सर्व्हरवरून निघालेली मेलं परत जाऊ लागली. त्यानंतर हा मार्ग अरुंदच होत गेला. तुमचा सर्व्हर याहूच्या किंवा जीमेलच्या वतीने बोलू शकत नाही, आणि समोरचा सर्व्हर ते तपासतो.

म्हणून ‘फ्रॉम’मध्ये नेहमी तुमचा, रिलेला माहीत असलेला पत्ता. पाहुण्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. रिप्लायचं बटण दाबलं की उत्तर बरोबर पाहुण्याकडेच जातं. जीमेल रिले असेल तर वेगळा ‘फ्रॉम’ दिला तरी तो गपचूप लॉगिनच्या पत्त्याने बदलला जातो, जोवर तो पत्ता ‘सेंड मेल ॲज’मध्ये जोडलेला नाही. दुसरे रिले ५५३ देऊन सरळ नाकारतात.

‘फ्रॉम’ शिवाय आणखी एक पत्ता असतो. पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्राच्या डोक्यावर वेगळा असू शकतो, तसंच. परत आलेलं मेल पाकिटावरच्या पत्त्याकडे जातं आणि एसपीएफही त्याचीच तपासणी करतं. पीएचपीने काही सांगितलं नाही तर सेंडमेल सहसा तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि मशीनचं नाव घालतं, म्हणजे अस्तित्वात नसलेला पत्ता. ‘मेल()’च्या पाचव्या आर्ग्युमेंटमध्ये ‘-एफ’ आणि त्याला चिकटून खरा पत्ता द्या. वर्डप्रेसमध्ये घरच्या सर्व्हरवर ‘वर्डप्रेस@लोकलहोस्ट’ असा पत्ता तयार होतो आणि पीएचपीमेलर तो अवैध म्हणून तिथेच थांबतो. ‘डब्ल्यूपी_मेल_फ्रॉम’ या फिल्टरने तो बदलता येतो.

फॉर्ममधून आलेली कोणतीही किंमत हेडरमध्ये घालण्याआधी तिच्यात नव्या ओळीचं चिन्ह नाही ना ते तपासा, आणि पत्ता ‘फिल्टर_व्हार()’मधून काढा. नव्या ओळीतून कोणी स्वतःचं ‘बीसीसी’ घुसवलं तर तुमच्या खात्यातून शेकडो लोकांना स्पॅम जाईल. वैयक्तिक जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० प्राप्तकर्त्यांची आहे. ती ओलांडली की खरी मेलंही अडकतात.

रांग हवी असेल तर पोस्टफिक्स

एकही मेल हरवून चालणार नसेल तर पोस्टफिक्सला पर्याय नाही. मात्र ‘सॅटेलाइट सिस्टिम’ हा पर्याय निवडायचा. ‘रिलेहोस्ट’मध्ये रिलेचं नाव चौकटी कंसात आणि पुढे :५८७, कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचे एमएक्स (मेल स्वीकारणारे सर्व्हर) शोधत भलतीकडे जातं. पासवर्डची फाइल बदलली की दर वेळी ‘पोस्टमॅप’ चालवा. ‘नो वर्दी मेक्स फाउंड’ असा एरर आला तर पासवर्ड तपासू नका, ‘लिबसॅसल२-मॉड्यूल्स’ पॅकेज बसवा. ‘इनेट_इंटरफेसेस’ ‘लूपबॅक-ओन्ली’ ठेवा. डॉकरमधल्या स्क्रिप्टला मग हे पोस्टफिक्स ‘लोकलहोस्ट’ नावाने सापडणार नाही, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. अशा वेळी स्क्रिप्टने थेट रिलेशी बोलणं सोपं.

सर्वात जास्त वेळ खाणारं सेटिंग ‘मायडेस्टिनेशन’. त्यात तुमचं डोमेन लिहिलं असेल, तर त्या डोमेनच्या पत्त्यांवरचं मेल पोस्टफिक्स बाहेर पाठवतच नाही. स्वतःच वाटायला जातं आणि ‘अननोन युजर’ म्हणून परत करतं, किंवा त्या नावाचा वापरकर्ता मशीनवर असेल तर /व्हार/मेलमध्ये टाकून देतं. बाकी जगाला मेल जातं, फक्त स्वतःच्या डोमेनवर येत नाही, असं दिसलं की आधी इथेच बघा. घरच्या सर्व्हरवर या यादीत मशीनचं नाव आणि लोकलहोस्ट एवढंच असावं.

‘मेलक्यू’ रांग दाखवतं आणि प्रत्येक मेलखाली अडण्याचं कारण देतं. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस प्रयत्न करत राहतं. ४५१ देऊन समोरच्याने थोड्या वेळाने या असं सांगितलं असेल तर काहीच करायची गरज नसते.

पोचलं, पण स्पॅममध्ये

जीमेलमध्ये मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरतीच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कचे निकाल असतात. स्वतःच्या डोमेनचा ‘फ्रॉम’ असेल तर रिलेने दिलेल्या नोंदी डीएनएसमध्ये टाकलेल्या हव्यात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दुसरी सेवा जोडताना नवी ओळ न टाकता जुन्याच ओळीत ‘इन्क्लूड’ वाढवायचं, आणि सगळं मिळून डीएनएसच्या १० चौकशांच्या आत राहायचं.

देवनागरी मजकूर

विषयाची ओळ प्रश्नचिन्हांनी भरलेली येत असेल तर हेडरमध्ये कच्चं यूटीएफ-८ जातंय. ‘एमबी_एन्कोड_माइमहेडर()’ वापरा. नुसतं बेस६४ (बाइटचं साध्या रोमन अक्षरांत रूपांतर) करून पुढेमागे ‘=?यूटीएफ-८?बी?’ आणि ‘?=’ लावलं तर छोट्या विषयाला चालतं, पण अशा एका तुकड्याची मर्यादा ७५ अक्षरांची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, बेस६४ मध्ये ४ अक्षरांचं. म्हणजे एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं मावतात, आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. हे तुकडे पाडण्याचं काम फंक्शन आपोआप करतं. पीएचपीमेलरमध्ये ‘कॅरसेट’ हाताने यूटीएफ-८ करावा लागतो. मुळात तो आयएसओ-८८५९-१ असतो.

मुख्य मजकुराचा दोष जास्त लपलेला आहे. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू नये. फॉर्मच्या चौकटीत कोणी एंटर न दाबता लिहिलेला मराठी परिच्छेद ३३३ चिन्हांतच ती ओलांडतो. मग पोस्टफिक्स ओळ तिथेच तोडतं, कधी एखाद्या अक्षराच्या तीन बाइटच्या मधोमध, आणि लांब संदेशात अधूनमधून चौकोनी खुणा दिसू लागतात. छोटी चाचणी-मेलं ठीक येतात म्हणून हे बरेच दिवस लक्षात येत नाही. उपाय एका ओळीचा: ‘कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: बेस६४’ हे हेडर द्या आणि मजकूर ‘चंक_स्प्लिट(बेस६४_एन्कोड())’मधून काढा.

पीएचपी ८.० पासून ‘मेल()’ हेडरच्या ओळी सीआर-एलएफ या ओळ संपवणाऱ्या चिन्हांच्या जोडीने तोडतं, आधी नुसत्या एलएफने तोडायचं. जुन्या सेंडमेलसोबत यामुळे हेडर मजकुरात घुसतात. ८.२.४ पासून ‘मेल.मिक्स्ड_एलएफ_अँड_सीआरएलएफ’ हे सेटिंग जुनी वागणूक परत आणतं.

वीज गेल्यानंतर

रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलवर बॅटरीचं घड्याळ नाही. पाय ५ वर घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. वीज जाऊन आली की पाय जुनीच वेळ धरून उठतो आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तसाच राहतो. राउटर आणि पाय एकदम सुरू झाले तर राउटरला जोडणी मिळायला जास्त वेळ लागतो. बराच काळ वीज नसेल तर मधल्या काळात रिलेचं प्रमाणपत्र बदललेलं असतं, आणि जुन्या घड्याळाला ते ‘अजून वैध झालेलं नाही’ असं वाटतं. ‘सर्व्हर पुन्हा सुरू झाला’ असं कळवणारं मेल नेमकं याच वेळी निघतं आणि मरतं. ते क्रॉनच्या ‘@रीबूट’वरून काढा आणि सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये ‘आफ्टर=’ आणि ‘वॉन्ट्स=’ या दोन्ही ओळींत ‘टाइम-सिंक.टार्गेट’ लिहा. सोबत ‘सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सर्व्हिस ‘एनेबल’ करा. ती मुळात बंद असते, आणि ती चालू नसेल तर हे टार्गेट वेळ जुळण्याची वाट न पाहताच पुढे जातं.